मिंगेलने पुसू न दिलेल्या टेस्ट

लुर्दीनमावशी, तोंडवलीहून आलेली मंडळी, आणि ऑफिसातले माझे सहकारी,

कामं टाकून तुम्ही सगळे कसालला आलात. मला बोलायला सांगितलंय. खरं सांगते, त्राण नाही. मिंगेल गेल्यापासून आठ दिवस त्याच्या खुर्चीकडे न बघता काम करतेय. त्यानेच दमलेय.

मावशी, तुम्ही मला परवा विचारलंत, "माझो झील थंय काय करी गो?" तुमचा मुलगा ऑफिसात काय करायचा, ते आज सांगते.

मच्छीमारांच्या मोबाइलवर वाऱ्याचे इशारे पाठवणारं ॲप आम्ही बनवतो. मिंगेल त्याच्या टेस्ट लिहायचा. टेस्ट म्हणजे प्रोग्रामला विचारलेला प्रश्न. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. प्रोग्राम बदलला की कॉम्प्युटर ते सगळे प्रश्न आपोआप पुन्हा विचारतो. उत्तर चुकलं की लाल अक्षरं येतात. एवढंच.

बाबलकाका, तुम्ही मागे बसलायत. आठवतंय? तुमची होडी उलटली होती. पोहत किनारा गाठलात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलात. ओरडला नाहीत. फक्त विचारलंत, "मिंगेला, माझो इशारो खंय गेलो?"

त्या दिवशी दोन इशारे आले होते. मागून आलेल्या सौम्य इशाऱ्याने आधीचा मोठा इशारा पुसला होता. आम्ही चूक दुरुस्त केली. मी विसरले. मिंगेलने ते दोन्ही इशारे जसेच्या तसे टेस्टमध्ये उतरवले आणि टेस्टला नाव दिलं, 'बाबलकाका'.

गेल्या वर्षी आम्ही ॲप नव्याने लिहिलं. जुन्या टेस्ट त्यात बसेनात. मी म्हटलं, अडगळ आहे, काढून टाक.

"मॅडम, पुसू नकात. ह्यातली एकेक टेस्ट कोणीतरी सोसलेली आसा."

मी पुसल्या. माझ्या हाताने.

त्याने प्रत ठेवली होती. डायलिसिस करून दुपारी यायचा आणि एकेक जुनी टेस्ट नव्या प्रोग्रामला जुळवत बसायचा. मला त्याचा रागच यायचा. नवं ॲप मच्छीमारांना देण्याच्या आदल्या दिवशी त्याने हाक मारली. एकच टेस्ट लाल होती. बाबलकाका. तीच चूक. या वेळी मी केलेली.

"आता नको रे, मिंगेल. मी दमलेय."

दमला तर तोही होता. हाताला पट्टी होती. हळूच म्हणाला, "बरा. मगे बाबलकाकाक तुम्ही सांगा."

आम्ही ॲप थांबवलं. चूक काढली. मगच दिलं. पंधरवड्याच्या आत एकाच दिवशी दोन इशारे आले. मोठा इशारा शाबूत राहिला. तोंडवलीच्या होड्या वाळूवर राहिल्या. काका, तुमचीही.

अहवालात मी लिहिलं, 'नियमित तपासणीत चूक सापडली.' त्याचं नाव लिहिलं नाही. का? कारण मग टेस्ट कोणी पुसल्या तेही लिहावं लागलं असतं. त्याने वाचलं, कागद परत दिला आणि कामाला बसला. त्याच्याशी बोलायचं, असं मी रोज ठरवत राहिले. रोज.

आता कोणाशी बोलू? म्हणून तुमच्यासमोर सांगतेय, मावशी. चूक माझी होती. तुमच्या झिलाने ती पकडली.

मिंगेल, माफ कर रे.

आता दोन मिनिटं उभे राहूया. फोन मात्र कोणी बंद करू नका. आज दर्या बरा नाही.