रेंजसाठी थांबवलेली गाडी

अरे, त्या योसेमिटी ट्रिपला माझी काय वाट लागली, ऐका. मी फोनवर एका ॲपमध्ये रोज चार ओळी लिहितो. एक दिवस चुकला की सलग दिवसांची स्ट्रीक झीरो, आणि ताई चिडवायला टपलेलीच.

घरून, फ्रीमाँटहून निघालो, डोंगर लागला आणि रेंजच गायब! ओळी लिहून तयार, पण अपलोड होईनात. हॉटेलात वायफाय नाही, हे बाबांनी आधीच सांगितलेलं. म्हणजे स्ट्रीक गेलीच, यार.

मग फोनवर रेंजची एक दांडी दिसली की मी ओरडायचो, "बाबा, थांबवा, सू लागलीय!" झाडामागे जाऊन फोन उंच धरायचो, तोवर दांडी गायब.

तिसऱ्यांदा थांबल्यावर आमच्यासोबत आलेल्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अगं, उन्हाळी लागलीय त्याला, म्हणून सारखी सू होतेय!" त्यांनी धण्या-जिऱ्याच्या पाण्याचा अख्खा थर्मास मला संपवायला लावला.

अर्ध्या तासाने चालत्या गाडीतच फुल रेंज आली. ओळी एका सेकंदात गेल्या, स्ट्रीक वाचली! पण पोट फुटायची वेळ आलेली.

"बाबा, थांबवा! आता खरंच लागलीय!"

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आता खरंच? मग मगाशी काय होतं?"

आणि गाडी थांबवलीच नाही.