सिरिलचं छत

लंडनमध्ये सप्टेंबरात एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना पाहायला उघडतात. जुन्या नाट्यगृहासमोरच्या रांगेत हेझलच्या पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

"आतल्या छतावरची प्लास्टरची फुलं तुझ्या सिरिलनेच घडवली ना गं, विनी?"

"हो. सात महिने मान वर करून. दरवर्षी म्हणायचा, चल, दाखवतो."

"मग?"

"मी म्हणायचे, छतात काय बघायचं? घरी एक आहे तेवढं पुरे."

"आणि तो?"

"हसायचा. एकटाच येऊन रांगेत उभा राहायचा."

"एकदा तरी यायचंस, बाई."

"यंदा बोलवायला तोच नाही, तेव्हा आले."

दार उघडलं. आत शिरलेले सगळे माना वर करून थबकले. विनी तेवढी खाली बघत होती.

"अगं, वर बघ ना!"

"थांब जरा. चष्मा पुसू दे आधी."