पोटात दुखतंय

धाकटी : आत नको, ताई. इथे जिन्यातच बोलू.

थोरली : जिन्यात? अगं, दिवसभर उभी आहे मी. वाफेने पाय नुसते भरून आलेत. आत बसून बोल की काय ते.

धाकटी : आत टिंगू आहे.

थोरली : तिच्यासाठीच तर आले. आणायला येऊ नको म्हणालीस, तिला बरं नाही म्हणालीस. भाची आहे माझी, बघू तर दे. काय होतंय तिला?

धाकटी : विशेष काही नाही. जरा पोटात दुखतंय. मला वेगळं बोलायचंय.

थोरली : बोल.

धाकटी : उद्यापासून तिला बालवाडीतून आणायला तू जाऊ नकोस. खालच्या काकू आणतील. मी बोललेय त्यांच्याशी.

थोरली : काकूंशी बोलून झालं, मग माझ्याशी. बरं. काय केलं मी?

धाकटी : हळू बोल ना.

थोरली : हळूच बोलतेय. धुलाईखान्यातल्या बाईचं हळू एवढंच असतं.

धाकटी : परवा बालवाडीतून फोन आला. ऑफिसातून उठून गेले मी. टिंगूने वर्गात एक शब्द वापरला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, मोठ्याने. मुलांना घ्यायला आलेले आईवडील दारात उभे. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमच्या घरी असं बोलतात का? मी नाही म्हणाले. पण चोरी पकडल्यासारखी उभी होते, ताई. समोरची एक आई आपल्या मुलाचा हात धरून त्याला टिंगूपासून लांब नेत होती. मला दिसत होतं ते.

थोरली : कुठला शब्द?

धाकटी : तुमच्याकडे चालतो तो.

थोरली : आमच्याकडे पुष्कळ चालतात. मुकादम समोर असला की वेगळे, त्याची पाठ फिरली की वेगळे.

धाकटी : बाईच्या... त्या जागेचा.

थोरली : हां. तो. तुझ्या दारात उच्चारत नाही, घाबरू नकोस.

धाकटी : तू शिकवलास तिला?

थोरली : शिकवायला काय तो पाढा आहे? तू ऑफिसातून येईपर्यंत ती माझ्याकडे चादरींच्या ढिगात खेळते. आम्ही बोलतो, ती ऐकते. एकदा विचारलंन, मावशी, ते म्हणजे काय? सांगितलं. नाक असतं, कान असतो, तशी तीही असते. सगळ्या बायकांना असते, तुलाही आहे. स्वच्छ ठेवायची, दुखलंखुपलं तर मोठ्यांना सांगायचं. मान डोलावलीन आणि गेली परत खेळायला. तिला त्यात काही वाटलं नाही.

धाकटी : मी तिला शब्द दिला होता. शूची जागा.

थोरली : शूची जागा म्हणजे मोरी. ते मोरीचं नाव झालं, पोरीचं कुठे झालं?

धाकटी : मोठी झाली की नीट शब्द सांगणारच होते. पुस्तकातला.

थोरली : कुठला? म्हण बघू.

धाकटी : योनी.

थोरली : बघ, तोही कुजबुजलीस. आणि हा आमच्यातल्या एखादीला सांगितला ना, तर ती विचारेल, हे कुठल्या रस्त्याला लागतं?

धाकटी : तुला सगळ्याची थट्टा सुचते. तो शब्द शिवी आहे, ताई. रस्त्याने जाताना माणसं तो आपल्या अंगावर फेकतात. उद्या टिंगूवर कोणी फेकला तर?

थोरली : कोणी ‘ए नाका’ म्हणून ओरडलं तर रडशील का तू? तसंच. ज्या शब्दाने आपण घरात अंग धुतो, त्याने बाहेर कोणी काय मारणार?

धाकटी : एवढं सोपं नसतं ते.

थोरली : सोपं असतं असं तूच म्हणाली होतीस. कॉलेजात, स्टेजवर उभी राहून. शिवी त्यांच्या हातातून काढून घ्यायची, आपण आपली म्हणून वापरायची, म्हणजे तिची धार जाते. मी शेवटच्या रांगेत होते. कळलं निम्मंच, पण टाळ्या सगळ्यांत जोरात माझ्या होत्या. दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगितलं, माझी धाकटी असं असं बोलली.

धाकटी : ते भाषण होतं गं.

थोरली : भाषणात तरी घेतला होतास तो?

धाकटी : नाही. ‘तो शब्द’ म्हणाले होते.

थोरली : आम्ही घेतला. मुकादम आम्हाला त्याच नावाने हाका मारायचा. कोणी एकीला नाही, सगळ्यांना मिळून. एक दिवस त्याने हाक मारली आणि आम्ही झाडून सगळ्यांनी ‘ओ’ दिली. एका सुरात. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पुन्हा नाही आला तो शब्द त्याच्या जिभेवर. मग आमच्याकडेच राहिला. हॉस्पिटलच्या चादरी किती मोठ्या असतात माहितेय ना, एकटीला घडी घालता येत नाही. दोघी समोरासमोर, दोन दोन कोपरे धरून. घडी घालत जवळ आलं की विचारायचं, काय गं, तुझी बरी आहे ना? लांब गेलं की गप्प. पुन्हा जवळ आलं की ती सांगते. जळजळतं म्हणते, गाठ लागते म्हणते, नवरा ऐकत नाही म्हणते. तिथे कोणी लाजत नाही. हातात चादर असते, डोळे चादरीवर असतात.

धाकटी : तुम्ही सगळ्या एकत्र असता तिथे. एकीने म्हटलं तर दहाजणी हसायला असतात. टिंगू वर्गात एकटी होती. ती तो शब्द घेऊन तुमच्या घोळक्यातून बाहेर पडली, ताई. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. चार वर्षांची आहे ती. तिला वाटलं, सगळीकडे तसंच असतं.

थोरली : हे खरं. कुठे बोलायचा, कुठे नाही, ते सांगायचं राहिलं माझं. डोक्यातच आलं नाही. 

धाकटी : मला रात्रंदिवस तेच दिसत राहतं, तिला काय होईल. तू म्हणशील, मी फार घाबरते. घाबरते मी. झोपेत तिचा श्वास चालतोय ना, ते बघायला उठते. मुलीची आई आहे मी.

थोरली : आपणही एकीच्या मुलीच होतो.

धाकटी : आईला मध्ये आणू नकोस.

थोरली : मी कुठे आणतेय? ती असतेच मध्ये. तू शूची जागा म्हणालीस तेव्हाच येऊन उभी राहिली. आठवतं, ती डॉक्टरकडे काय सांगायची?

धाकटी : पोटात दुखतंय.

थोरली : पोटात दुखतंय. आणि तो भला माणूस पोटाच्या गोळ्या द्यायचा. पित्ताच्या, जंतांच्या, गॅसच्या. ती मुकाट्याने घ्यायची. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपले कपडे आपणच धुवायची, माझ्या हाती कधी दिले नाहीत. कपडे धुण्याचा पगार घेणारी मी. घरातले डाग मला दिसले नाहीत.

धाकटी : तिला शब्दच नव्हता.

थोरली : शब्द होता. बाबा रोज द्यायचे. भाजीत मीठ कमी पडलं की, दार उघडायला उशीर झाला की. तिने तो त्यांच्याच तोंडून ऐकला होता जन्मभर. डॉक्टरसमोर बसून नवऱ्याने दिलेली शिवी स्वतःला कशी देणार ती? म्हणून पोट म्हणाली. शेवटी बाईडॉक्टरने पडदा ओढून बघितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हासुद्धा आई तिला म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास.

धाकटी : पुरे, ताई.

थोरली : पुरे. मला एवढंच वाटतं, टिंगूने तरी पोट म्हणू नये. ठीक आहे, काकूंना पाठव आणायला. मी रविवारी येत जाईन. तू म्हणशील तेव्हा, तू समोर असताना. पण तिला माझ्यापासून अगदी तोडू नकोस. मला दुसरं कोण आहे?

धाकटी : तोडत नाहीये मी.

थोरली : मला एक सांग. ती बोलत काय होती?

धाकटी : सांगितलं की. तो शब्द.

थोरली : नुसता? एवढीशी पोर नुसता एक शब्द घेऊन वर्गात ओरडत बसेल? मागेपुढे काही असेल ना. वाक्य असेल.

धाकटी : बाईंनी नाही सांगितलं.

थोरली : तू विचारलंस?

धाकटी : सगळे बघत होते, ताई. मला तिथून कधी निघते असं झालं होतं.

थोरली : आणि तिला?

धाकटी : तिला विचारायच्या आधी माझा हात उठला. या दारातच. आजवर कधी उठला नव्हता.

थोरली : हसत बोलत होती का, वर्गात?

धाकटी : नाही. रडत होती. मी गेले तेव्हा गाल ओले होते. बाई म्हणाल्या, रडून रडून तोच शब्द. मला वाटलं, ओरडा बसला म्हणून रडतेय.

थोरली : मग पोटाचं कधी काढलंन?

धाकटी : त्याच रात्री.

थोरली : बरं.

धाकटी : पाणी पीत नाहीये ती. ग्लास पुढे केला की ओठ घट्ट मिटते. शूला चल म्हटलं की मोरीच्या दारापर्यंत येते आणि तिथेच उभी राहते. पाय एकमेकांवर दाबून. मी बघतेय सगळं, ताई. किती घोट प्यायली, किती घास खाल्ले, सगळं बघतेय. मला वाटलं, रुसलीय माझ्यावर. मारलं म्हणून.

थोरली : बाळे.

धाकटी : आग होत असणार तिला. उन्हाळी लागलीय. बाईंना तेच सांगत होती ती. नावानिशी सांगत होती, कुठे ते.

थोरली : बस इथे पायरीवर. बस आधी. उन्हाळी काय, औषध घेतलं की जाते. सगळ्याच पोरांना होते. आत्ता जाऊ आपण डॉक्टरकडे.

धाकटी : तिने तुझं ऐकलं होतं. दुखलं तर मोठ्यांना सांगायचं. दोन मोठ्यांना सांगितलं तिने, बाईंना आणि मला.

थोरली : डोळे पूस. दार वाजलं.

(दार अर्धवट उघडून टिंगू उंबऱ्यात उभी राहते.)

टिंगू : मावशी, तू मला चादरींत का नाही नेलंस?

थोरली : आज चादरी संपल्या गं राणी. सगळ्या धुऊन झाल्या.

टिंगू : आई पायरीवर का बसलीय?

थोरली : तिचे पाय दुखतायत.

धाकटी : टिंगू, इकडे ये. माझ्याजवळ ये. मी मारणार नाही. तुलाही दुखतंय ना?

टिंगू : पोटात.

धाकटी : पोटात कुठे?

टिंगू : पोटात.

धाकटी : बाईंना तू दुसरं सांगत होतीस ना? वर्गात, रडत होतीस तेव्हा? तेच आईला सांग. मला ऐकायचंय. मावशीने सांगितलेला शब्द असेल तरी चालेल.

टिंगू : तू रडशील.

धाकटी : नाही रडणार. बघ, रडतेय का? सांग, कुठे आग होते तुला?

टिंगू : मावशी, तू घरी जा ना. मग सांगते.

थोरली : मी कान झाकते. हे बघ, झाकले.

धाकटी : सांग, बाळा. त्या जागेला काय म्हणतात?

टिंगू : मी तो विसरले, आई. तूच म्हणालीस ना, विसर.