बाकावरची रुतिका

ऐरोलीच्या एका दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीच्या मुलीचा, रुतिकाचा, गुडघा आत तपासत होते.

"फुटबॉलच्या फायनलला तुझी रुतिका खेळनार नाय, मग मॅच बघायला येनारा तुझ्या गावाचा टेम्पो कॅन्सल कर, सुचिता."

"कशाला? तिचा स्पॅनिश कोच तिकडं स्पेनात राखीव गोलकीपर होता. सगळी वर्षं बाकावरच बसला."

"मग कोच कसा झाला?"

"बाकावरनं आख्खी मॅच दिसते, म्हनतो. तिथंच शिकला."

"पन रुतिकाचं काय?"

"तिला स्वतःच्या बाजूला बसवनार हाय. कोन दमलं, कोनाला बाहेर काढायचं, ते तिला विचारूनच ठरवनार."

"अगं, माझी मनवा खेळतेय ना."

"म्हनून तर टेम्पो राहू दे. तू फक्त मनवाला सांग, नीट पळ."