कपारीतला गोबरा आणि काठावरचे बुवा

ऐका हो मंडळी, आधी मला एक सांगा! आपलं माणूस रुसलं, दार लावून आत बसलं — तर ते ओढून बाहेर येतं का? मागच्या बायका हसतायत. त्यांना ठाऊक आहे!

आमच्या बंदरावर हिराजी नाखवा. आवाज असा, की होडीला भोंगा नको! मुलगा एकुलता एक, मनेश. त्याला मोठ्या जहाजावर नोकरी लागली. बाप भडकला — "माझी होडी सोडून जातोस? मग घरात पाऊल टाकू नकोस!" पोरगं गेलं मामाकडे. गणपतीपासून अबोला. आणि परवा त्याला निघायचं!

त्याची आई रडत माझ्याकडे आली. "बुवा, तुमचं ऐकतील हो दोघं!" झालं! बुवा फुगले! म्हटलं, "दोघांना एका होडीत घाला, मी मधे बसतो. समुद्रात पळतील कुठं?"

आईच्या शब्दाखातर मनेश आला. पण बापाकडे पाठ करून बसला.

काय सकाळ होती! वारा नाही, लाट नाही, समुद्र म्हणजे परातीतलं पाणी. खडकाळ जागा बघून नाखव्यानं गळ सोडला — गोबऱ्यासाठी. मोठ्या तोंडाचा मासा, कपारीत राहतो. चव मला विचारू नका, गळ्यात माळ आहे. मी नुसती चौकशी करतो!

मी उपरणं सावरलं, घसा खाकरला, "पिता म्हणजे—" आणि ओऽऽ! अहो, अशा निवांत समुद्रात कुणी ओकतं? मी ओकलो! पोहे, चहा, पाठ केलेला उपदेश — सगळं पाण्यात! बुवा होडीच्या काठावर ओणवे.

तेवढ्यात गोबरा लागला! लागला तो थेट कपारीत घुसला, कल्ले फुगवून अडकून बसला. नाखवा ओढतोय, शिव्या देतोय, दोरी ताणून करकरतेय! जन्म समुद्रावर गेलेला माणूस. अडलेल्या गोबऱ्याला ढील द्यायची, हे त्याला ठाऊक नव्हतं होय? होतं! पण राग आला की शहाणपण आधी बुडतं.

आणि पाठमोरा मनेश बोलला — "बाबा, ढील दे. तुटेल."

नाखव्यानं ढील दिली. कुणी बोलेना. मला तर बोलताच येत नव्हतं — देवाची केवढी कृपा! बऱ्याच वेळानं दोरी हळूच सरकली. गोबरा आपणहून बाहेर! बापलेकांनी मिळून वर घेतला.

नाखव्याचे डोळे भरले. म्हणाला, "जा रे, जा जहाजावर. शिमग्याला मात्र घरी ये." मनेश बापाच्या गळ्यात पडून रडला. मीही रडलो. मग परत ओकलो.

आला का शिमग्याला? होळी पेटायच्या आधी दारात हजर! त्याच्या आईनं गावभर सांगितलं, "बुवांनी समजावलं हो!" मी नाही म्हटलं का? छे! मान डोलावली, नारळही घेतला!

तर मंडळी, कुणाला ओढताय? लेकाला? सुनेला? जरा ढील द्या की! आणि तोंड मिटून थांबा.

आज आमच्या सौभाग्यवती कीर्तनाला दिसत नाहीत ना? सकाळपासून रुसून दार लावून बसल्यात. आणि हा शहाणा दाराबाहेर तासभर उपदेश करून आलाय! धरा टाळ, आरती लवकर उरकू. मला घरी जाऊन गप्प बसायचंय.