रिकामी दिसणारी डिस्क

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त सासरे आणि त्यांच्याच जुन्या हापिसात चिकटलेले जावई बसले होते.

"जावईबापू, डेटाबेस थेट डिस्कवर ठेवा. मध्ये फाइल सिस्टिमचा दलाल कशाला?"

"दलाल नाही बाबा, राखणदार. ती असली की फाइल नावासकट दिसते. थेट ठेवलं की डिस्क रिकामीच वाटते."

"वाटू दे की! वेग बघा."

"वेगात आता फारसा फरक नाही. परवा नव्या माणसाने रिकामी समजून आपली डिस्क फॉरमॅट केली. सगळ्या शाळांचे निकाल होते तिच्यावर."

"गेले?"

"बॅकअप होता म्हणून माझी नोकरी शाबूत. पुढे काय करणार, ते आज साहेबांना सांगायचंय."

"मी उभा जन्म तसंच ठेवलं. कुणाची टाप होती हात लावायची?"

"तुम्ही दारात खुर्ची टाकून बसायचात."

"बसायचोच!"

"आता कोण बसणार?"

"मी मोकळाच असतो हल्ली."

"बाबा, राखणीला फाइल सिस्टिमच टाकतो."

"टाका. वय झालं म्हणून तिला घरी तरी बसवणार नाहीत."