बोस्टनचा बर्फ

अमेरिकेच्या हवामानाचा नाद मला लागला तो हैदराबादेत आमच्या तारनाक्याला केबल आल्यावर. बायको आधीच गेलेली, मुलगा बोस्टनला कॉम्प्युटरच्या नोकरीवर, त्याचा फोन क्वचितच यायचा. एका सकाळी अमेरिकन चॅनेलवर सांगितलं, समुद्रातलं वादळ किनाऱ्याने वर सरकतंय, बोस्टनला दीड फूट बर्फ पडेल. मी तसाच फोनच्या बूथवर गेलो.

फोन मुलाच्या रूममेटने उचलला. तो आपल्या वरंगलचा.

"अंकल, संदीप तो दो महिने पहलेच कॅलिफोर्निया चले गया. तुमकू बोला नई?"

"बोला होगा," मी म्हणालो. "मेरेच ध्यान में नई रहा."

फोन ठेवावा असं वाटलं, पण ठेववेना. मग त्यालाच सांगितलं, दूध-ब्रेड आणून ठेव, उद्या गाडी काढू नकोस.

"ऑफिस में सब बोलते, बर्फ नई, बारिशच होती."

"वादळ किनाऱ्याला चिकटून गेलं तर पाऊस. हे जरा लांबून चाललंय, बर्फच पडणार," मी त्याला हिंदीत समजावलं.

तो हळूच म्हणाला, "अंकल, कल भी फोन करते क्या?"